भाजीचं वय

बाजारातल्या भाजीला एकच वय असतं. दुधी घ्यायला गेलं की फिकट हिरवा, हातभर लांबीचा, नख सहज रुतेल असा दुधी मिळतो. त्याच्या आधीचा मिळत नाही आणि नंतरचाही मिळत नाही. तांबडा भोपळा मिळतो तो पिकलेला, फोडी करून वजनावर विकायला ठेवलेला. भोपळ्याचे कोवळे शेंडे, त्याची पिवळी फुलं, मुठीएवढा हिरवा भोपळा पाटीत मांडून बसलेली बाई एखाद्या आठवडी बाजारात दिसली तर दिसते. यात विकणाऱ्यांचा दोष नाही. जे टेम्पोच्या धक्क्यांत टिकतं, काट्यावर भरतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकत नाही, तेच बाजारापर्यंत पोहोचणार. परसातली भाजी मात्र अंकुरापासून बी होईपर्यंत डोळ्यांसमोर असते. आपल्या घरगुती स्वयंपाकातलं पुष्कळसं शहाणपण हे भाजीचं वय ओळखण्याचं शहाणपण आहे, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

ते मी शिकले सासूबाईंकडून. माझं माहेर कराडच्या बाजूचं, सासर राजापूर तालुक्यातलं. जांभ्या दगडाचं घर, मागे पडवी, पडवीला लागून न्हाणी. न्हाणीचं पाणी पन्हळातून अळवात जातं, अळवातून केळींच्या आळ्यात. तिथून गडग्यापर्यंत सगळं परडं. एका अंगाला वेलांसाठी मांडव, बांबू आणि शिरड्यांचा, दर वर्षी मृगाच्या आत नव्याने बांधायचा. सकाळचा चहा झाला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, परड्यात एक फेरी मारायच्या. हातात विळा नाही, टोपली नाही, नुसतं पाहणं. शिराळ्याच्या, म्हणजे दोडक्याच्या, शिरेवर अंगठ्याचं नख हलकेच टेकवायच्या, पडवळ तळव्यावर तोलून बघायच्या. कोवळ्या फळाकडे सरळ बोट करायचं नाही, बोट वाकवून दाखवायचं, अशी त्यांची शिस्त. घरात येईपर्यंत दुपारचं जेवण ठरलेलं असायचं. आज काय करायचं हा प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून विचारलेला मला आठवत नाही.

लग्नात मला मावशीने ‘रुचिरा’ दिलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापांनी त्याने कितीतरी नव्या सुनांना धीर दिला. मीही त्यातलीच. पण पुस्तकात ‘पाव किलो दोडकी’ एवढंच लिहिता येतं. दोडका किती दिवसांचा हे नखानेच कळतं, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं: साल ठेवायची की काढायची, पाणी घालायचं की झाकणावर ठेवायचं, डाळ घालायची की नुसतं खोबरं पुरे.

फणसाचं उदाहरण घेते, कारण वय म्हणजे काय ते फणसाइतकं उघड कुणी सांगत नाही. माघ-फाल्गुनात खोडाला लागलेल्या कुयऱ्या नारळाएवढ्या झाल्या की पहिली भाजी होते. आत गरा नाही, आठळी नाही, सगळा मऊ पांढरा गाभा. हाताला आणि विळीला तेल लावून चिरायचा, चीक धुऊन टाकायचा, उकडून, ठेचून, ओलं खोबरं आणि भिजवलेले काळे वाटाणे घालून परतायचा. महिना-दीड महिन्याने तोच फणस उघडला तर आत गरे बांधलेले असतात, कच्चे, करकरीत, गोडी अजून न आलेले. त्यांची भाजी वेगळी, तिच्यात आठळ्याही पडतात, आणि हेच गरे खोबरेल तेलात तळून, मिठाचं पाणी शिंपडून डब्यात भरले की महिने टिकतात. मग पिकलेला. कापा असेल तर हातात घेऊन खायचा. बरका असेल तर रस चाळणीवर गाळायचा, तांदळाच्या रव्यात गूळ घालून सांदणं करायची, उरलेल्याची फणसपोळी उन्हात घालायची. आणि हे सगळं संपल्यावर आठळ्या उरतात. आई त्या तांबड्या मातीत लोळवून, वाळवून, कोपऱ्यात घालून ठेवायच्या. आषाढात घराबाहेर पाऊल टाकवत नाही अशा दिवशी टाकळ्याच्या भाजीत त्या आठळ्या पडायच्या. उन्हाळा संपल्यावर महिन्याने फणस पुन्हा ताटात यायचा.

एकाच झाडाच्या एकाच फळाची ही चार वयं, आणि प्रत्येक वयाला वेगळं भांडं, वेगळी आच, वेगळा मसाला. सुकाळाच्या धांदलीतून हे सुचलं असणार. आपण म्हणतो की गरिबीने माणसाला टाकून द्यायच्या वस्तूतून खाणं करायला शिकवलं. ते खरंच आहे, पण अर्धं. परसात दुसरीही एक वेळ येते: सगळं एकदम येतं. झाडाला बारा फणस एका पंधरवड्यात पिकतात, मांडवावर एका रात्रीत शिराळी हातभर होतात, तवशी पानांआड लपून अजस्र वाढतात. तेव्हा घरातली बाई विचार करते की कालच्यासारखं आज नको, मग या वयाचं काय होईल? माझ्या मते आपल्या चटण्या, वड्या, सांडगे, घारगे, सांदणं यांतले निम्मेअधिक पदार्थ या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आले आहेत.

मृगाच्या आसपास बी टोकलं की श्रावणापर्यंत मांडव भरतो. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे वेलाला पाण्याची ददात नसते. ददात असते उघडिपीची. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. शिराळ्याचं पिवळं फूल दिवस कलताना उमलतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उघडतं, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. पडवळाचं जाळीदार झालरीचं फूल तर रात्रीचंच, कंदील घेऊन गेल्याशिवाय ते नीट पाहायला मिळत नाही. आणि नेमका तेव्हा चार-चार दिवस पाऊस धरला तर ना मधमाशी फिरकते ना पतंग. मादीफुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढं फळ दिसत असतं, ते पिवळं पडून गळतं. अशा दिवसांत आई डोक्यावर इरलं घेऊन मांडवाखाली जायच्या, नरफूल खुडायच्या, पाकळ्या मागे दुमडून त्यातले केसर मादीफुलाला टेकवायच्या. “वाट बघत बसलो तर गणपतीला भोपळा कुठला गो?” असं म्हणायच्या. नरफुलं वेलावर आधी येतात आणि उदंड येतात. ज्यांचं काम झालं ती घरात यायची. आतला केसर काढून, तांदळाच्या पिठात हिंग-तिखट कालवून त्यांची भजी व्हायची. वेल लांब पळायला लागला की शेंडे खुडायचे, म्हणजे बगलफुटी येते आणि मादीफुलं वाढतात. त्या शेंड्यांची आणि कोवळ्या पानांची भाजी, देठांचे दोरे सोलून, लसणीची फोडणी देऊन. भोपळा धरायच्या आधीच भोपळ्याने दोन जेवणं दिलेली असायची.

शिराळं कोवळं असताना सालीसकट चिरून, मुगाची डाळ घालून नुसत्या वाफेवर शिजतं. चार दिवस जास्त झाले की शिरा ताठ होतात. मग त्या तासून घ्यायच्या, तीळ-खोबऱ्याबरोबर मंद आचेवर कुरकुरीत परतायच्या आणि चटणी करायची. आतल्या गराची वेगळी भाजी. घोसाळ्याचंही तसंच. कोवळ्या चकत्यांची भजी बेसनात फुगतात, आणि वेलावर वाळून खडखडीत झालेलं घोसाळं आंघोळीला अंग घासायला न्हाणीत टांगलेलं असतं. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधतात. कोवळ्या पडवळात सोललेले वाल घालून केलेली भाजी मी सणाच्या पंगतीत वाढताना पाहिली आहे. थोडं जून झालं तर गर भाजीला आणि आतल्या बिया तव्यावर भाजून चटणीला. त्याच्या पुढे गेलं तर पडवळ नारिंगी होतं, आत लालभडक गर धरतो, आणि मग ते बियाण्याचं.

दुधीच्या बाबतीत एक नियम आईंनी मला फार गंभीरपणे सांगितला होता: चिरल्यावर आधी एक फोड जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकून टाकायची आणि आख्खा दुधी उकिरड्यावर. त्यात गूळ घालायचा नाही, दुसऱ्या भाजीत मिसळायचा नाही. दुधी-काकडीच्या कुळात कधीकधी कुकुरबिटासिन नावाची विषारी कडू द्रव्यं तयार होतात आणि ती शिजवून जात नाहीत, हे मी पुढे वाचलं. कारल्याचा कडूपणा निराळा. दुधीचा रस औषध म्हणून सकाळी घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाखायची सवय लावून घ्यावी.

अळवाची गोष्ट अशीच वयाची. सुरळी उलगडली नाही ते पान भाजीला उत्तम, पुरतं उलगडून तकाकी आलेलं काळ्या देठाचं पान वडीला. देठ सोलून, उकडून, दह्यात कालवून देठी. आणि पावसाळा सरल्यावर जमिनीतल्या अळकुड्या. पानात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनीच घसा खवखवतो. म्हणून अळू नीट शिजवल्याशिवाय आणि आंबटाशिवाय आपल्याकडे होत नाही. आमच्याकडे आमसुलं किंवा परड्यातली बिंबलं पडतात, माहेरी चिंच आणि चुका. अळवाच्या फदफद्यात माहेरी शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ, इथे आठळ्या आणि काजूगर. दोन्ही ठिकाणी ‘आमचंच खरं अळू’ म्हणणाऱ्या बायका आहेत, आणि दोघींच्याही पंगतीला मी मनापासून जेवले आहे.

हळदीच्या पानाचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या सातारा-सांगलीकडे हळद हे पैशाचं पीक. पण हळदीचं पान स्वयंपाकात येतं हे मला इकडे आल्यावर कळलं. पावसाच्या तोंडावर लावलेल्या हळदीची पानं श्रावणात पदार्थ गुंडाळण्याजोगी रुंद झालेली असतात, अजून लवचिक असतात आणि त्यांचा वास तेव्हा सगळ्यात ताजा असतो. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही. मग पानावर तांदळाची उकड पसरायची, मध्ये गूळखोबरं, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. पातोळ्यांचं झाकण उघडल्यावर येणारी वाफ घरभर जाते. सणाची तिथी आणि पानाचं वय यांची ही गाठ कुणी घातली हे सांगता यायचं नाही, पण घालणारी माणसं परड्यात रोज जाणारी होती एवढं नक्की. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, वटपौर्णिमेला फणसाचे गरे, चातुर्मासात वर्ज्य असलेल्या वांग्याचं चंपाषष्ठीला भरीत, या सगळ्यांत तेच दिसतं. पावसात लावलेलं वांग्याचं रोप मार्गशीर्षापर्यंत ऐन भरात आलेलं असतं.

भाद्रपदात तवशांचा सुकाळ. तवसं म्हणजे काकडीच, पण काकडीच्या म्हातारपणीचं रूप: हातभर, जाड, साल पिवळट तांबूस झालेली. कोवळी असताना ती मीठ लावून नुसती खायची, जरा मोठी झाली की खमंग काकडी, आणि तवसं झाल्यावर किसायची. त्या किसाला सुटलेल्या पाण्यातच तांदळाचा रवा भिजतो, वरून पाणी घालावं लागत नाही. गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान अंथरून ओतायचं, खाली मंद निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. याला आम्ही धोंडस म्हणतो. कडेने सुटून खरपूस झालेला धोंडस थंड झाल्यावर कापायचा आणि वर लोणी घालून खायचा. कोवळ्या काकडीचा धोंडस होत नाही. ती पाणचट असते, तिला तो वास नसतो. म्हणजे ज्या वयाला बाजार काकडीला टाकाऊ ठरवतो, त्या वयाला परड्यात तिचा सगळ्यात मोठा पदार्थ होतो.

ऋषिपंचमीला मात्र परड्याचा मान सगळ्यांत मोठा. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असं व्रत. नांगरलेल्या शेतातलं धान्य चालत नाही, माणसाच्या हाताने खणून लावलेलं चालतं. म्हणजे त्या दिवशीचं जेवण परड्यावर. भोपळा, शिराळं, पडवळ, भेंडी, चवळीच्या शेंगा, लाल माठाचे जाड देठ, अळू, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. आमच्याकडे या भाजीला तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, ओलं खोबरं, मीठ आणि चिंचेचा कोळ. तिखटामिठाच्या आड काही लपवता येत नाही, म्हणून सगळी कसोटी क्रमाची. सुरण आधी आमसुलं घालून वेगळं उकडून घ्यायचं. पातेल्यात पहिल्यांदा कणीस आणि माठाचे देठ, मग चवळी, भोपळा, मग पडवळ, शिराळं, शेवटी अळूची पानं आणि भेंडी. चिंच सगळ्यात मागून, कारण आंबट आधी पडलं तर फोडी टणक राहतात. एका पातेल्यात इतक्या वयांच्या भाज्या, आणि प्रत्येकीने आपल्या वेळेला शिजून तयार व्हायचं. मराठी स्वयंपाकातली ही सर्वांत अवघड भाजी आहे, असं मी म्हणेन. पुरणपोळीही हिच्यापुढे सोपी.

गडग्यापलीकडच्या घरी याच भाज्या वेगळ्या वळणाने जातात. त्यांच्याकडे इतर दिवशी लाल माठात जवळा पडतो, वांग्यात सुकट पडते. त्यांचं परडं आमच्यापेक्षा छोटं पण मिरची-वांग्याला फार चांगलं. आमच्या मांडवावर शिराळी जास्त झाली की गडग्यावरून पलीकडे जातात, पलीकडून वांगी येतात, आणि टोपली रिकामी परत करायची नाही हा दोन्ही घरांचा रिवाज. भाजीचं वय थांबत नाही हेच या देवघेवीचं मूळ आहे. उद्या जून होणार ते आज द्यायलाच हवं.

माहेरच्या मळ्याकडचं हिवाळ्यातलं परस निराळं. तिथे मुळ्याची ओळ माझ्या आईने कधीच पूर्ण उपटली नाही. कोवळ्या पाल्याची भाजी झाली, मुळे किसून कोशिंबीर झाली, उरलेले मुळे जमिनीतच फुलू द्यायचे. त्यांना पांढरी-जांभळी फुलं येतात आणि मग डिंगऱ्या लागतात. डिंगरीची भाजी, कांदा घालून, दाण्याचं कूट घालून, बाजरीच्या भाकरीबरोबर. तिचा तो नाकाला झोंबणारा हलका तिखटपणा मला आजही सगळ्या शेंगभाज्यांत श्रेष्ठ वाटतो. कोथिंबीर फुलावर आली म्हणून कुणी उपटत नसे, हिरवे धणे आमटीत चुरडायला हवे असत. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटवे धरतं, म्हणून खुडायचेच, आणि खुडलेल्या आंबूस पाल्याची भाजी करायची. घाटे भरले की सोलाणे. थोडे राठ झाले की डहाळे जाळावर भाजून हुळा. पुढे वाळले की डाळ आणि पीठ. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी म्हणजे या सगळ्या ओलेपणाची गोळाबेरीज: सोलाणे, पावटे, घेवडा, वांगी, गाजर, बोरं, वर तिळाचं कूट.

कोकणातल्या हिवाळ्याची खूण वाल. भात कापून झाल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर आणि दवावर तो वाढतो. रायगडकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून, ओवा-मीठ टाकून, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालता शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. ही पोपटी शेंग भरलेली पण हिरवी असतानाच होते. शेंग वाळली की पोपटी संपली, मग ते कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं.

आता शेवटच्या वयाबद्दल, ज्याच्याकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी मांडवाखाली हात वर केला तेव्हा आईंनी पडवीतून हाक मारली होती: “अगो, ते शिराळं राहू दे. ते बियाला धरलंय.” वेलाच्या बुंध्याजवळचं, सुरेख आकाराचं, निरोगी फळ त्या पहिल्या बहरातच हेरून ठेवायच्या आणि त्याला चिंधी बांधायच्या, म्हणजे कुणी चुकून तोडू नये. याला किंमत मोजावी लागते. वेलावर एक फळ पिकू दिलं की वेल आपला जोर त्याच्या बियांत घालतो, नवी फुलं कमी धरतो. म्हणून बरेच जण बियाला शेवटचं, वाकडंतिकडं, उरलंसुरलं फळ ठेवतात. आई ते करत नसत. चांगलं खाऊन वाईट पेरलं तर पुढच्या वर्षी काय खाल, हा त्यांचा हिशेब. वाळलेल्या फळातलं बी राखेत घोळून, चिंधीत बांधून चुलीवरच्या धुराड्यापाशी टांगलेलं असायचं, धुराने त्याला कीड लागत नसे. भोपळ्याचं बी शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापलेलं असायचं. बाजारातल्या संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, त्याची पुढची पिढी तशी येत नाही. घरचं बी घरच्या पावसाला ओळखतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम केवढ्या चिकाटीने केलं, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी वाल, घेवडे, पालेभाज्या, भाताची वाणं जमवली, राखली, घरोघरच्या परसांत पेरायला दिली. 2018 साली बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, आणि 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की त्यांच्याकडचं बी कपाटात पडून राहत नाही. ते पेरलं जातं, खाल्लं जातं, पुन्हा धरलं जातं.

जागेचं म्हणाल तर, शेतीचे प्रयोग करणारे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर सांगत की दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं. ज्यांच्याकडे दहा गुंठे नाहीत त्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत, चार-पाच तास ऊन येत असेल तर, एका मोठ्या कुंडीत शिराळ्याचा वेल ग्रिलवर चढतो. माझी नणंद ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर ते करते. तिच्या हाताला फळं थोडीच लागतात, पण शिराळ्याच्या चार भाज्या आणि एक चटणी तिच्या मुलांना वर्षातून एकदा तरी वेगवेगळ्या वयाच्या मिळतात, आणि कोवळं नि जून यांतला फरक त्यांना बोटांनी कळतो. अळूला तर ऊन कमी असलं तरी चालतं, तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्याच्या कुंडीत गेलं की पुरे.

आईंना आता परड्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत. पडवीतल्या बाकावर बसून त्या विचारतात, मी सांगते. मी टोपलीतून आणलेल्या प्रत्येक फळाला त्या नख लावून बघतात आणि काय करायचं ते ठरवतात. अजून त्यांचा अंदाज चुकत नाही.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. या पावसाळ्यात काकडी, शिराळं, दुधी, चवळी, काहीही एक लावा, जागा असेल तेवढीच. खायचं तेवढं खा, शेजारी द्यायचं तेवढं द्या. पण पहिल्या बहरातलं एक देखणं फळ चिंधी बांधून वेलावर राहू द्या, पुरतं वाळू द्या, आणि त्यातलं निम्मं बी कुणाला तरी पेरायला द्या.